एकास पस्तीस

मुलांनो, कंपासपेटीतली पट्टी काढा बघू. वहीच्या मागच्या पानावर साडेतेरा मिलिमीटर उंच आणि दहा मिलिमीटर रुंद असा एक आयत काढा. काढलात? केवढासा दिसतो, नाही? अंगठ्याच्या नखाखाली झाकून जाईल!

आता दोन्ही मापांना ३५ ने गुणा. उंची झाली सुमारे ४७ सेंटिमीटर आणि रुंदी ३५ सेंटिमीटर. ही एका पत्र्याच्या कॅनची मापं आहेत. यात २० लिटर पेट्रोल मावतं. दुसऱ्या महायुद्धात असे लाखो कॅन ट्रकमधून फिरले. आज आपण असाच एक ट्रक करायला घेणार आहोत. मात्र दुकानातून खोका आणायचा आणि आतले तुकडे चिकटवायचे, असा नाही. लग्नपत्रिका, तांब्याची तार, आइस्क्रीमच्या काड्या, गोळ्यांची रिकामी पाकिटं यांतून एकेक भाग आपल्या हातानं घडवायचा. या छंदाला इंग्रजीत 'स्क्रॅचबिल्डिंग' म्हणतात. आपण म्हणू मुळापासून बांधणी.

हा पस्तीस आला कुठून?

तुम्ही विचाराल, १० नाही, ५० नाही, नेमका ३५ च का? याची गंमतच आहे. जपानमध्ये शिझुओका गावात तामिया नावाची प्रतिकृती बनवणारी प्रसिद्ध कंपनी आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी पँथर या जर्मन रणगाड्याची चालती प्रतिकृती काढली. आत मोटर आणि बॅटरीचे सेल बसायला हवे होते, म्हणून त्या मापानं रणगाड्याची रुंदी ठरवली. नंतर मोजून पाहिलं तर प्रतिकृती खऱ्या रणगाड्याच्या सुमारे पस्तिसाव्या हिश्शाएवढी भरली! पुढे त्याच मापाच्या गाड्या, सैनिक, तोफा निघत गेल्या आणि १:३५, म्हणजे 'एकास पस्तीस', हे प्रमाण जगभर रूढ झालं. म्हणजे बघा, सेलच्या आकारानं जगभरच्या छांदिष्टांचा पाढा ठरवला.

तेव्हा आजपासून ३५ चा पाढा पाठ!

कोणता ट्रक?

आपण घेऊया अमेरिकेचा जीएमसी कंपनीचा अडीच टनी ट्रक. सहा ठिकाणी चाकं आणि सहाही ठिकाणी इंजिनाची ताकद पोचणारा. मागच्या चार ठिकाणी जोडचाकं, म्हणून टायर एकूण दहा. असे पाच लाखांहून जास्त ट्रक बनले.

रणगाडे आणि विमानं सोडून ट्रक कशाला, असं काही जण म्हणतील. त्यांच्यासाठी ही हकिकत.

६ जून १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांच्या फौजा फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरल्या. त्याआधी त्यांच्याच विमानांनी फ्रान्समधले रेल्वेमार्ग आणि पूल बाँब टाकून मोडले होते, कारण जर्मनांना कुमक मिळू द्यायची नव्हती. पुढे ऑगस्टमध्ये फौजा भराभर पुढे सरकल्या. आता त्यांना पेट्रोल, दारूगोळा, अन्न कसं पोचवायचं? आगगाडी तर बंद! मग २५ ऑगस्ट १९४४ पासून ट्रकांची साखळी सुरू झाली. तिचं नाव 'रेड बॉल एक्सप्रेस'. जायला एक रस्ता, यायला दुसरा. त्या रस्त्यांवर दुसरं कुठलंही वाहन आणायचं नाही आणि वाट चुकू नये म्हणून जागोजागी लाल गोळ्याच्या पाट्या. ऐन भरात असताना एका दिवसात ५,९५८ गाड्यांनी सुमारे १२,५०० टन माल पोचवला. १६ नोव्हेंबर १९४४ पर्यंत हे रात्रंदिवस चाललं.

आणि हे ट्रक चालवणारे कोण? चारांतले सुमारे तीन चालक कृष्णवर्णीय अमेरिकन होते. त्या काळी अमेरिकेच्या सैन्यात गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या तुकड्या वेगळ्या असत. कृष्णवर्णीयांना बहुतेक वेळा लढाईऐवजी माल वाहणं, रस्ते बांधणं अशी कामं देत. हा भेदभाव संपवण्याचा हुकूम अध्यक्ष ट्रूमन यांनी १९४८ मध्ये काढला. विजयाच्या चित्रांत रणगाडे दिसतात. त्या रणगाड्यांच्या टाकीत पेट्रोल ज्यांनी ओतलं, ते ट्रकवाले क्वचितच दिसतात.

आपल्या देशातही हे ट्रक धावले, बरं का! आसाममधल्या लेडो गावापासून ब्रह्मदेशाच्या डोंगरांतून चीनमधल्या कुनमिंगपर्यंत सुमारे १,७३० किलोमीटरचा मार्ग तयार केला होता. अमेरिकन सैनिकांबरोबर हजारो भारतीय मजूर त्यावर राबले. पहिला ताफा जानेवारी १९४५ मध्ये लेडोहून निघाला आणि ४ फेब्रुवारीला कुनमिंगला पोचला.

आता कळलं ना, ट्रक का?

मोठी मापं आधी

खरा ट्रक सुमारे ६ मीटर ५० सेंटिमीटर लांब. मिलिमीटरमध्ये लिहा ६,५०० आणि ३५ ने भागा. उत्तर सुमारे १८६ मिलिमीटर. रुंदी २,२४० मिलिमीटर, भागिले ३५, बरोबर ६४. मागचा हौदा १२ फूट लांब, म्हणजे सुमारे ३,६६० मिलिमीटर. आपला हौदा १०४ ते १०५ मिलिमीटरचा.

चाकाचा व्यास सुमारे ९२ सेंटिमीटर. आपलं चाक २६ मिलिमीटर. खिशात दहा रुपयांचं नाणं असेल तर काढा. ते २७ मिलिमीटर असतं. म्हणजे नाण्याहून किंचित लहान चाक हवं. बाटलीचं झाकण लावून टाकू, असं कुणाच्या मनात आलं असेल. पण ते साधारण ३० मिलिमीटरचं असतं. गुणा ३५ ने. एक मीटर पाच सेंटिमीटर! इतकं मोठं चाक आपल्या ट्रकला शोभणार नाही.

मग चाक करायचं कसं? लग्नपत्रिकेच्या कार्डाच्या साडेपाच मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापा. टोकाला टोक जोडत, डिंक लावत, त्या घट्ट गुंडाळत जा. मधूनमधून नाण्याशी ताडून बघा. २६ मिलिमीटर भरलं की थांबा. एका चाकाला जवळपास पावणेदोन मीटर पट्टी लागते आणि चाकं करायची आहेत दहा! घाई करू नका. रोज एक चाक केलंत तरी दहा दिवसांत ट्रक उभा राहील.

फोटोतून माप काढा

मोठी मापं पुस्तकात मिळतात. पण हत्यारांची पेटी केवढी, पायरी केवढी, हे कोण सांगणार? इथं आपलं जुनं त्रैराशिक उपयोगी पडतं.

समजा, ट्रकचा एक फोटो आहे. त्यात पेटीशेजारी तो पेट्रोलचा कॅन ठेवलेला आहे. फोटोत कॅनची उंची ८ मिलिमीटर आणि पेटीची लांबी १० मिलिमीटर भरते. खरा कॅन ४७० मिलिमीटर उंच, हे आपल्याला माहीत आहे. मग ८ ला ४७०, तर १० ला किती? ४७० गुणिले १०, भागिले ८. उत्तर सुमारे ५८७ मिलिमीटर. त्याला ३५ ने भागा. जवळजवळ १७ मिलिमीटर. झालं पेटीचं माप!

मात्र दोन अटी. एक, दोन्ही वस्तू कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर हव्यात. जवळची वस्तू मोठी दिसते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. दुसरी, फोटो समोरून घेतलेला हवा, तिरका नको.

आता भाग घडवूया

कॅन : कार्डाचे साडेतेरा बाय दहा मिलिमीटरचे तुकडे कापून एकावर एक चिकटवा. जाडी पावणेपाच मिलिमीटर झाली की थांबा. खऱ्या कॅनच्या दोन्ही बाजूंना फुलीसारखी खाच असते. ती शोभेसाठी नाही. तिच्यामुळे पत्र्याला बळकटी येते आणि आतलं पेट्रोल उन्हानं प्रसरण पावलं तर पत्र्याला थोडं फुगता येतं. ही फुली उठवायला चपात्या गुंडाळायचा चंदेरी कागद घ्या, तो खोडरबरावर ठेवा आणि शाई संपलेल्या बॉलपेननं रेघा दाबा. मग तो कॅनवर डकवा.

वर तीन मुठी असतात, शेजारी शेजारी. तीन का बरं? भरलेला कॅन सुमारे २० किलो. एकट्यानं उचलायचा तर मधली मूठ धरायची. दोघांनी मिळून न्यायचा तर कडेच्या दोन. आणि कॅन रिकामे असतील, तर दोन कॅनच्या लगतच्या मुठी एका हातात धरता येतात, म्हणजे दोन हातांत चार कॅन! ही युक्ती जर्मनांची. इंग्रज सैनिक जर्मनांना 'जेरी' म्हणत, म्हणून कॅनचं नाव पडलं जेरीकॅन. आपण स्टेपलरच्या पिना वाकवून तीन मुठी करू.

हे कॅन इतके मोलाचे, की रिकामे कॅन रस्त्याकडेला फेकले गेले तेव्हा पेट्रोल भरायला भांडीच पुरेनात. मग फ्रान्समधल्या शाळकरी मुलांनाही ते शोधून आणायच्या कामाला लावलं. तुमच्याच वयाची मुलं!

हौदा : युद्धात लोखंड वाचवायचं म्हणून मधल्या काळात या ट्रकचे हौदे लाकडी केले होते. आपल्याला ते सोयीचंच. आइस्क्रीमची काडी १० मिलिमीटर रुंद, म्हणजे खऱ्या मापात ३५ सेंटिमीटरची फळी. फारच रुंद! ती उभी चिरून सुमारे ४ मिलिमीटरच्या पट्ट्या करा. त्या झाल्या १४ सेंटिमीटरच्या फळ्या. जोडताना मध्ये केसाएवढी फट राहू द्या. मागचा फाळका वेगळा करा, म्हणजे तो उघडा दाखवता येईल.

पाटे : तुमच्या गावात ट्रक उभा असेल तर ट्रकवाल्या काकांना विचारून चाकाच्या वर वाकून बघा. लोखंडी पट्ट्यांची चळत दिसेल. सगळ्यांत लांब पट्टी एका टोकाला आणि मग एकेक लहान होत गेलेली. ते पाटे. खड्ड्याचा धक्का ते झेलतात. कार्डाच्या दोन मिलिमीटर रुंद पट्ट्या कापा, प्रत्येक आधीच्या पट्टीपेक्षा थोडी आखूड, आणि पेन्सिलीवर हलकेच वाकवून चिकटवा. मध्यावर दोऱ्याचे चार वेढे.

ताडपत्री : तांब्याच्या तारेच्या कमानी करून हौद्यावर बसवा. किती कमानी? फोटोत मोजा! कागदी रुमालाचा एकच पदर सुटा करा. फेव्हिकॉलमध्ये तेवढंच पाणी मिसळून त्यात रुमाल भिजवा आणि कमानींवर अलगद टाका. वाळताना तो दोन कमानींच्या मध्ये आपोआप थोडा खाली झोळ घेईल, अगदी खऱ्या ताडपत्रीसारखा. बांधायला शिवणाचा दोरा घ्या. अर्ध्या मिलिमीटरचा दोरा म्हणजे साडेसतरा मिलिमीटरचा दोरखंड. पण दोऱ्याला बारीक तुसं असतात. पस्तीस पटीत ती बोटाएवढी दिसतील! म्हणून दोरा मेणबत्तीवरून दोनदा ओढून घ्या, तुसं बसतात.

दिवे : पंचिंग मशीनमधून पडणारी गोल टिकली सुमारे ६ मिलिमीटरची असते. खऱ्या मापात २१ सेंटिमीटर. कडेसकट दिव्याला ती चालेल. तिच्यावर चंदेरी कागद आणि वर फेव्हिकॉलचा एक थेंब. वाळला की काच तयार. दिव्यांपुढे झाडाझुडपांपासून रक्षण करणाऱ्या जाळ्या असतात, त्या बारीक तारेच्या करा.

नट-बोल्ट : खऱ्या बोल्टचं डोकं दोन-अडीच सेंटिमीटर. आपलं सुमारे ०.७ मिलिमीटर! ते चिकटवत बसू नका. कागदाच्या मागच्या बाजूनं बोथट टाचणी हलकेच दाबा. पुढच्या बाजूला बोल्टची ओळ उठेल. आधी पेन्सिलीनं रेघ मारून सारख्या अंतरावर खुणा करा, नाहीतर ओळ वाकडी जाईल.

सर्वांत अवघड माप : जाडी

लांबी-रुंदी सगळे मोजतात. जाडी मात्र विसरतात. वहीचा कागद किती जाड? एका कागदावर पट्टी चालत नाही. पण २०० पानी वही घ्या. त्यात कागद १००. पुठ्ठे सोडून जाडी मोजा, साधारण एक सेंटिमीटर भरेल. म्हणजे एक कागद ०.१ मिलिमीटर. त्याला ३५ ने गुणा. साडेतीन मिलिमीटर! ट्रकच्या मडगार्डचा पत्रा याहून पातळ असतो. म्हणजे साधा वहीचा कागदसुद्धा आपल्या मडगार्डला जाडच!

मग काय करायचं? डोळ्याला फक्त कड दिसते. म्हणून भाग कार्डाचाच करा, पण त्याची दिसणारी कड आतल्या बाजूनं बारीक पॉलिश पेपरनं घासून पातळ करा. पाहणाऱ्याला सगळा पत्रा पातळ वाटतो. जगभरचे छांदिष्ट हेच करतात.

माल भरलेला ट्रक

रंगासाठी पिवळ्या रंगात थोडा थोडा काळा मिसळत जा. हिरवा रंग हातात नसताना लष्करी हिरवट छटा तयार होते! चकचकीत रंग टाळा, पोस्टर कलर उत्तम.

आता शेवटची गोष्ट, आणि तीच मला महत्त्वाची वाटते. हा ट्रक अडीच टनांचा, पण रेड बॉलच्या रस्त्यांवर त्याच्यावर कित्येकदा दुप्पट माल चढवत. मग त्याचे पाटे कमानदार राहतील का? नाही, ते दबून जवळजवळ सपाट होतील. टायर खाली थोडे फुगतील. तेव्हा चाकाचा तळ किंचित घासून सपाट करा. चाकांच्या आतल्या बाजूला चिखल दाखवा. पायरीवरचा रंग जरा उडवा, कारण चालकाचा बूट दिवसातून कितीदा तरी तिथं पडला असेल. पण जिथं कुणाचा हात-पाय पोचत नाही, तिथला रंग उडवू नका.

समजलं का? भाग नुसता बारीक असून भागत नाही. तो का आहे, कोण वापरत होतं, हे शोधून मग करायचा. मुठी तीन का, हे कळलं की तुम्ही दोन करणारच नाही. पायरी झिजलेली दाखवली, की तिच्यावर पाय ठेवणारा माणूस न दाखवताही दिसतो. ज्यांची चित्रं फारशी निघाली नाहीत, त्या चालकांची आठवण अशी एका झिजलेल्या पायरीतही राहू शकते.

आईबाबांसाठी दोन शब्द

कटर, कात्री आणि तार वापरताना मुलांजवळ बसा. कापताना खाली जाड पुठ्ठा आणि पोलादी पट्टी हवी. बोटं पात्याच्या वाटेत नकोत आणि मांडीवर ठेवून कधीच कापू नये. लहान मुलांचं कापायचं काम तुम्ही करा. मोजायचं काम मात्र त्यांनाच करू द्या. चाक थोडं वाकडं झालं तर 'आण, मी करतो' म्हणू नका. दहावं चाक पहिल्यापेक्षा गोल होतं की नाही, ते बघा. आणि "लढाईची खेळणी कशाला?" असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, तर तो मुलांशी बोला. युद्धात कोण राबलं आणि नाव कुणाचं झालं, या गप्पा ट्रक करता करता छान निघतात.

या आठवड्याचा अभ्यास

सगळा ट्रक एकदम करायला घेऊ नका. या आठवड्यात फक्त एक जेरीकॅन. शिवाय तुमच्या गल्लीत उभी असलेली एखादी गाडी निवडा. टेम्पो, ट्रॅक्टर, दुधाची गाडी, काहीही. मालकाला विचारून, गाडी बंद असताना, तिच्या दहा भागांची मापं घ्या. प्रत्येक माप ३५ ने भागा. आणि प्रत्येक भागापुढे एका ओळीत लिहा, हा इथं कशासाठी आहे? उत्तर सुचलं नाही तर चालवणाऱ्या काकांना विचारा. ते पुस्तकापेक्षा जास्त सांगतील.

पुढच्या आठवड्यात आपण चासी बांधायला घेऊ. तोवर कार्डाचे कपटे टाकून देऊ नका. एकास पस्तीसच्या जगात नखाएवढा तुकडासुद्धा हातभर लांब असतो!